काजळीमागचा चेहरा

विद्यालयाच्या स्मरणिकेत शिक्षकाने लिहावयाचे म्हणजे संस्थेची वाटचाल, निकालांची परंपरा आणि गुणवंतांचा गौरव असा प्रघात आहे. ते काम माझे सहकारी माझ्याहून चांगले करतील. इतिहासाचा शिक्षक या नात्याने मी शंभर वर्षांपूर्वीच्या एका विनोदी नटाविषयी लिहिणार आहे. त्याचे नाव बर्ट विल्यम्स. तो अमेरिकेच्या रंगभूमीवर वावरला आणि छोट्या प्रहसनांतून त्याने लाखो लोकांना हसविले. आपल्या वसतिगृहाशी त्याचा काय संबंध, असा प्रश्न माजी विद्यार्थ्यांच्या आणि पालकांच्या मनात येईल. संबंध आहे, आणि तो माझ्या एका चुकीतून जुळला आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनासाठी मी एक विनोदी नाटुकले बसविले होते. शहरातला शेठ आणि त्याचा खेडवळ गडी, असा तो ठरावीक मासला. गड्याच्या कामासाठी मी सातवीतला एक मुलगा निवडला. तव्याची काजळी खोबरेल तेलात कालवून त्याच्या तोंडाला फासली आणि त्याला त्याच्याच गावची बोली मुद्दाम वेडीवाकडी करून बोलावयास लावली. मंडप हसून हसून लोटपोट झाला. पालक हसले, मुले हसली, विंगेत उभा राहून मीही हसलो. रात्री जेवणानंतर तो मुलगा नळावर राखेने तोंड घासताना दिसला. कानामागची काजळी काही केल्या निघत नव्हती. मला पाहून त्याने विचारले, "सर, शेठचं काम मला का नाही दिलं?" मी सहज बोलून गेलो, "अरे, गडी तुला शोभून दिसला." त्या वेळी मला त्यात काही वावगे वाटले नाही. पुढे बर्ट विल्यम्सचे चरित्र वाचनात आले, तेव्हा मात्र ते उत्तर मला आठवले आणि त्यानंतर विसरता आले नाही.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केली. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८७४ मध्ये, बहामा बेटांवरील नॅसो येथे बर्ट विल्यम्सचा जन्म झाला. लहानपणीच तो कुटुंबासह अमेरिकेत आला. गुलामगिरी कायद्याने संपली होती. मनातून ती गेली नव्हती. करमणुकीच्या क्षेत्रात तर तिने नवे रूप घेतले होते. गोरे नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून आळशी, भित्रा, कोंबड्या चोरणारा काळा माणूस रंगवीत आणि गोरे प्रेक्षक त्याला हसत. मिन्स्ट्रेल या नावाने ओळखला जाणारा हा प्रकार तेव्हा कित्येक दशके लोकप्रिय होता. काळ्या नटाला रंगभूमीवर यावयाचे असेल, तर त्यालाही याच दारातून यावे लागे.

विल्यम्सही त्याच दारातून आला. १८९३ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत त्याची जॉर्ज वॉकरशी गाठ पडली आणि दोघांची जोडी जमली. आपल्या जाहिरातीत ते स्वतःला 'दोन खरेखुरे काळे' म्हणवीत; त्यासाठी वापरलेला मूळ शब्द मात्र काळ्यांची हेटाळणी करणारा होता. वॉकर झुळझुळीत पोशाखातला छानछोकीचा गृहस्थ साकारी, तर विल्यम्स दैवाने पिचलेला, सावकाश बोलणारा, सगळीकडून गोत्यात येणारा माणूस. विल्यम्सचा वर्ण मुळात उजळ होता. दक्षिणेतील काळ्या शेतमजुरांची बोली त्याच्या घरची नव्हती. ती त्याला कान देऊन शिकावी लागली. म्हणजे गोऱ्या प्रेक्षकाच्या मनातला काळा माणूस होण्यासाठी या काळ्या माणसाला तोंडाला काजळी फासावी लागली आणि परकी बोली आत्मसात करावी लागली. इथपर्यंत वाचले आणि मी पुस्तक मिटवून ठेवले. माझ्या हातून घडलेले नाटुकले डोळ्यांपुढे उभे राहिले होते.

१९०३ साली या जोडीचे 'इन डाहोमी' हे संगीत नाटक न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आले. लेखक, संगीतकार आणि नट असे सारेच काळे, आणि असे पूर्ण लांबीचे नाटक ब्रॉडवेच्या प्रमुख नाट्यगृहात होण्याची ती पहिलीच वेळ होती. तरीही काळ्या प्रेक्षकांची बैठक वरच्या माडीवरच होती. पुढे हे नाटक लंडनला गेले आणि बकिंगहॅम राजवाड्यातही त्याचा प्रयोग झाला. योगायोग असा की, त्याच १९०३ साली काळ्या समाजातील थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांचे 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. काळ्या माणसाला स्वतःकडेही सतत दुसऱ्याच्या, आणि तेही तुच्छतेने पाहणाऱ्याच्या, नजरेतून पाहावे लागते, हे दुखणे त्यांनी त्यात मांडले. विल्यम्सने पुढे १९१८ मध्ये एका नियतकालिकात लिहिले की, स्वतःकडे तिऱ्हाईत म्हणून पाहता येऊ लागले, तेव्हाच त्याच्या विनोदबुद्धीची वाढ झाली. विचारवंताने ज्याला दुखणे म्हटले, तेच नटाने भांडवल केले. यात त्याची प्रतिभा आहे आणि त्याची शोकांतिकाही आहे. काळा असणे लाजिरवाणे नाही, मात्र पुष्कळदा गैरसोयीचे आहे, असेही त्याने त्याच लेखात म्हटले होते.

वॉकर आजारी पडून १९११ मध्ये वारला. तत्पूर्वी, १९१० पासून, विल्यम्स एकटाच 'झिगफेल्ड फॉलीज' या बड्या मंडळीत दाखल झाला होता. गाणी, नृत्ये आणि छोटी प्रहसने यांची गुंफण असलेला हा दरवर्षीचा भपकेबाज कार्यक्रम होता. बाकीचे सर्व नट गोरे. काळ्याबरोबर काम करणार नाही, अशी धमकी त्यांच्यातील काहींनी दिली. निर्मात्याने ती जुमानली नाही. तरी गोऱ्या नटीसोबत रंगमंचावर आपण एकटे कधीही असणार नाही, अशी अट विल्यम्सनेच स्वतःच्या करारात घालून घेतली होती. कोणत्या आरोपावरून काळ्या माणसाला झाडाला टांगले जाते, हे तो जाणून होता.

त्याच्या प्रहसनांपैकी दोन मला फार महत्त्वाची वाटतात. पहिले १९११ सालचे. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकाचे काम तेव्हा चालू होते. गोरा प्रवासी आणि काळा हमाल कमरेला एकच दोर बांधून उंच लोखंडी तुळयांवरून चालले आहेत. प्रवासी पुन्हा पुन्हा घसरतो आणि हमाल त्याला वर ओढून घेतो. एवढ्या जिवावरच्या कामाची बक्षिसी फक्त पाच सेंट, हे हमालाला कळते. त्यानंतर प्रवासी पुन्हा घसरतो, तेव्हा हमाल दोर सैल सोडतो. गोऱ्यांनी भरलेले प्रेक्षागृह या प्रसंगाला हसत होते! काजळी तीच, बोलीही तीच. फरक एवढाच की दोर आता हमालाच्या हातात होता. दुसरे प्रहसन मूकनाट्याचे. एकटा माणूस पत्त्यांचा डाव खेळतो आहे. समोर कोणी नाही, पत्तेही नाहीत. चेहऱ्याच्या आणि बोटांच्या हालचालींवरून सारे खेळाडू दिसतात. त्याची आशा दिसते, लबाडी दिसते आणि शेवटी हार दिसते. १९१६ च्या एका मूकपटात हा प्रसंग टिपलेला आहे. त्याच्या तोंडाला काजळी आहे, हे पाहता पाहता आपण विसरतो. समोर उरतो तो हरलेला, कुणाही माणसासारखा माणूस.

या वर्षांना आपल्या दृष्टीने आणखी एक अर्थ आहे. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. दिवसरात्र ग्रंथालयात बुडालेल्या त्या विद्यार्थ्याने विल्यम्सचा प्रयोग पाहिला असेल, असा माझा मुळीच दावा नाही. पण शहर एकच होते. त्या शहरात भारतातून आलेल्या अस्पृश्य विद्यार्थ्याला इतरांच्या बरोबरीचे बाक मिळाले, आणि त्याच शहरातील सर्वांत लोकप्रिय विनोदी नटाला हॉटेलात मागच्या दाराने जावे लागत होते. एका जागी मिळालेली समता सर्व जागी मिळते असे नाही, आणि टाळ्या म्हणजे समता नव्हे, हा धडा इतिहासाच्या तासाला मी मुलांना या दोन समांतर चित्रांवरून देत असतो.

१९१९ साली न्यूयॉर्कच्या नटांनी संप पुकारला. नेहमीप्रमाणे वेशभूषा करून विल्यम्स तयार झाला, तर नाट्यगृह रिकामे! त्याला कोणी कळविलेच नव्हते. १९२२ मध्ये आजारी असतानाही तो काम करीत राहिला. डेट्रॉइटला प्रयोग चालू असताना तो कोसळला, तेव्हा हाही विनोदाचाच भाग आहे असे समजून प्रेक्षक हसले, असे सांगतात. काही दिवसांतच, ४ मार्च रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी त्याचे निधन झाले.

आता माझे मत मांडतो. आपल्या समाजात दोन टोके दिसतात. आपल्याला लोक पिढ्यान्‌पिढ्या हसले, तेव्हा आपल्या व्यासपीठावर विनोद नकोच, असे काही कार्यकर्ते म्हणतात. हसण्याला कसली आली जात, असे काही जण म्हणतात. मला दोन्ही मान्य नाही. तमाशातल्या सोंगाड्याने राजाची खिल्ली उडविली आहे. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी गावोगावी विनोदी संवादांतून रूढींचे वाभाडे काढले आहेत. त्या विनोदाने हसणाऱ्याची मान ताठ केली. म्हणून प्रश्न हसावे की न हसावे हा नाही. हसे कोणाचे होते आहे, ते कोणी ठरविले आणि दोर कोणाच्या हातात आहे, हे प्रश्न आहेत.

हे प्रश्न मी प्रथम स्वतःला विचारले. त्यानंतर माझ्या हातून बसणाऱ्या नाटुकल्यांत काजळी आली नाही. संवाद मुले स्वतः लिहितात आणि भूमिका चिठ्ठ्या टाकून ठरतात. एका वर्षी गड्याची चिठ्ठी माझ्याच नावाने निघाली आणि शेठ झालेल्या पाचवीतल्या मुलाने मला मनसोक्त राबविले. मंडप त्याही वेळी हसला. गावची बोली आजही रंगमंचावर येते, पण ती आता हुशार माणसाच्या तोंडी असते. पालकांना माझी विनंती आहे की, पुढच्या संमेलनाला या, पोट धरून हसा. मात्र हसून झाल्यावर वाटेत आपल्या मुलाला विचारा, आपण कोणाला हसलो?

राहता राहिला तो नळावरचा मुलगा. तो आज माजी विद्यार्थी आहे, संसारी आहे, आणि ही स्मरणिका त्याच्या घरी पोहोचेल. त्या रात्री तू योग्य प्रश्न विचारला होतास आणि मी चुकीचे उत्तर दिले होते. शेठचे काम तुला द्यावयाचे, हे मला सुचलेच नाही, हे त्याचे खरे उत्तर आहे. ते द्यावयास मला इतकी वर्षे लागली, याबद्दल मी तुझी क्षमा मागतो.

जय भीम.