मृत्यूच्या अर्जात जमात का नाही?

ग्रामसेवक म्हणून माझी बरीचशी नोकरी जव्हार-मोखाड्यात झाली. निवृत्तीनंतर वसईजवळच्या उमेळ्याला, घरी परतलो. ग्रामसेवकाकडे जन्म-मृत्यूची नोंदवही असते, त्यामुळे माणूस कशाने गेला हे लिहायचं काम माझ्याकडे होतं.

तिथल्या आदिवासी पाड्यावरची नोंद उशिरा यायची. मरताना डॉक्टर जवळ नसायचाच. बाप सांगायचा, "भाऊसाहेब, ताप होता पोराला." बायको सांगायची, "खोकून खोकून गेला." मी तेच लिहायचो. तो ताप हिवतापाचा की न्यूमोनियाचा, हे कायमचं राहून जायचं. उमेळ्यात कुणी गेलं, तर हार्ट, शुगर की कॅन्सर हे घरच्यांना ठाऊक असतं, हॉस्पिटलचा दाखला हातात असतो. आणि जिल्हा एकच, पालघर. जिल्ह्यातले 37 टक्के लोक आदिवासी आहेत.

डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा आदिवासी आरोग्यावरचा अहवाल 2018 मध्ये आला. क्षयाचे रुग्ण दर लाखामागे आदिवासींत 703, इतरांत 256. देशाच्या लोकसंख्येत साडेआठ टक्के असलेल्यांच्या वाट्याला हिवतापाचे निम्मे मृत्यू. मला यात नवल वाटलं नाही. दिवाळी झाली की अख्खं कुटुंब भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर उतरतं. क्षयाचं औषध सहा महिने चुकवायचं नसतं, पण माणूस भट्टीवर आणि त्याचं कार्ड गावच्या दवाखान्यात.

1992 च्या, जव्हारमधल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनंतर कुपोषण सगळ्यांना कळलं. पण आदिवासींतली चाळिशीची कर्ती माणसं कशाने मरतात? ते सांगता येत नाही, कारण मृत्यू अहवालाचा नमुना क्रमांक 2 मृताचा धर्म विचारतो, व्यवसाय विचारतो, तंबाखू किती वर्षं खाल्ली तेही विचारतो. जमात विचारत नाही. ऑस्ट्रेलियात मृत माणूस आदिवासी होता का, याची नोंद होते. म्हणून हृदयविकार, मधुमेह आणि आत्महत्या तिथल्या आदिवासींना इतरांपेक्षा किती लवकर नेतात, हे आकड्यांत मांडता येतं आणि सरकारला जाब विचारता येतो.

माझी मागणी साधी आहे. नमुन्यात जमातीचा रकाना घाला. दाखला नसेल तिथे घरच्यांना लक्षणं विचारून कारण ठरवण्याची पद्धत आपल्याकडे नमुना पाहण्यांत वापरतातच. ती पालघरच्या प्रत्येक पाड्यावर न्या. आशाताईंना ती शिकवा, आणि त्या कामाचे पैसे वेगळे द्या.