चार्ल्स बर्नला समुद्र मिळू द्या



आपल्यातले बरेचजण मुला-नातवंडांकडे लंडनला जातात. तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचे हंटेरियन म्युझियम जरूर पाहावे. प्रवेश मोफत आहे. अठराव्या शतकातले सर्जन जॉन हंटर यांनी जमवलेले शरीराचे नमुने आणि शस्त्रक्रियेची जुनी हत्यारे पाहिली की आजचे ऑपरेशन किती जणांच्या वेदनांवर उभे आहे, ते कळते.

पण तिथे आता न दिसणाऱ्या एका माणसाबद्दल लिहायचे आहे. चार्ल्स बर्न हा साडेसात फुटांहून उंच आयरिश तरुण १७८३ साली अवघ्या २२व्या वर्षी वारला. आपला देह सर्जनांच्या हाती पडू नये, समुद्रात सोडावा, ही त्याची शेवटची इच्छा होती. हंटर यांनी पैसे चारून तो मिळवला. सांगाडा दोनशेहून अधिक वर्षे लोकांनी पाहिला. २०२३ मध्ये म्युझियम नव्याने उघडले तेव्हा तो प्रदर्शनातून काढला, पण संशोधनासाठी म्हणून ठेवून घेतला.

संशोधनाचा उपयोग झाला, हे खरेच. त्याच्या दातांतल्या डीएनएवरून त्या वाढीमागचा आनुवंशिक दोष २०११ मध्ये कळला. पण ती माहिती आता हाती आली ना? मग हाडे कशाला अडवून ठेवायची?

आज आपल्याकडेही देहदानाचे आवाहन होते, आणि ते योग्यच आहे. पण मेलेल्या माणसाच्या ‘नाही’ला किंमत नसेल, तर ‘हो’ म्हणायला कोण विश्वासाने पुढे येईल?

– एक ख्रिस्ती वाचक, बेळगाव