फावल्या वेळची कला : कापसाची वस्त्रे

आषाढ सरत आला की आमच्या घरी दरवर्षी एक प्रश्न निघतो, आणि यंदा तोच प्रश्न एका वाचक भगिनीनेही पत्राने विचारला आहे. त्या लिहितात की, देवाची वस्त्रे हल्ली बाजारात इतकी सुबक मिळत असता ती घरी करण्याचा खटाटोप का करावा? आणि करावयाचाच तर ती बाजारासारखी शोभिवंत कशी करावी? प्रश्न दोन आहेत. पैकी पहिल्याचे उत्तर मी लेखाच्या अखेरीस देणार आहे. कारण ते सापडावयास मला स्वतःला फार वर्षे लागली. दुसरे उत्तर सोपे आहे, तेथूनच आरंभ करू.

षोडशोपचार पूजेत स्नानानंतर येणारा सातवा उपचार वस्त्राचा. देवास दरवेळी रेशमी पीतांबर कोठून आणावा? म्हणून आपल्या पूर्वजांनी कापसाच्या मण्यांची माळ हेच वस्त्र मानले. संस्कृत 'कार्पास' या शब्दापासून आपला 'कापूस' झाला, आणि तोच शब्द पश्चिमेकडे जाऊन ग्रीक व लॅटिन भाषांतही रुजला. माझे शिरूर हे घोडनदीकाठचे नव्हे, की लातूर जिल्ह्यातील अनंतपाळही नव्हे. ते बीड जिल्ह्यातील, सिंदफणेकाठचे, नावास 'कासार' जोडलेले शिरूर. या मुलखात दसरा-दिवाळीच्या सुमारास शेते पांढरी होतात. कापसाच्या देशात राहून देवाचे वस्त्र विकत आणावे, ही गोष्ट विहिरीच्या काठी बसून पाणी विकत घेण्यासारखीच म्हणावयाची.

प्रथम कापूस निवडावा. औषधाच्या दुकानातील कापूस या कामी घेऊ नये. तो जखमेसाठी असतो. पाणी शोषावे म्हणून त्याच्या तंतूंवरील नैसर्गिक मेण काढून टाकलेले असते व तंतूही मोडलेले असतात, त्यामुळे पीळ नीट धरत नाही. परसात देवकापसाचे झाड असेल तर त्याच्यासारखे दुसरे काही नाही. ते बारमाही असते आणि घरच्या वाती-वस्त्रांना पुरून उरते. नसेल तर ओळखीच्या शेतकऱ्याकडून सरकीसह कापूस मागून घ्यावा. वजनात साधारण एक तृतीयांश रुई व बाकी सरकी निघते, हे ध्यानात ठेवून मागावा. 2002 साली बीटी वाणास परवानगी मिळाल्यापासून आमच्याकडे गावरान कापूस दुर्मिळ झाला आहे. तथापि संकरित कापसाचा तंतू 28 ते 30 मिलिमीटर लांब असल्यामुळे नवशिक्या हातास तोच अधिक सोयीचा पडतो.

कापूस एक दिवस उन्हात ठेवावा. पाचोळ्याचे कण व किडका, पिवळा भाग वेचून टाकावा. सरकी काढताना ओढू नये. बी मध्ये धरून तिच्या चहूबाजूंचे तंतू नखाने मोकळे करावे, म्हणजे ती आपोआप सुटते. नंतर तो कापूस बोटांनीच पिंजावा. फणी लावल्यास तंतू एका दिशेस वळतात व मणी फुगत नाही. पिंजलेला कापूस पाटावर हातभर लांब व दोन बोटे रुंद असा पसरावा. हा पट्टा सर्वत्र सारख्या जाडीचा झाला की अर्धे काम झाले.

आता अंगठा व तर्जनी दुधात किंचित बुडवून पट्ट्यास एका पेराच्या अंतरावर पीळ द्यावा. पुन्हा पेरभर सोडून तसाच दुसरा पीळ. दोन पिळांच्या मधला भाग फुगून मणी होतो. दूध जास्त झाले तर मणी बसतो, कमी झाले तर पीळ उलगडतो. हे प्रमाण सांगून समजत नाही, दहा वस्त्रे बिघडली की अकराव्यास समजते. मण्याचे माप म्हणून आपल्याच बोटाचे पेर वापरावे, म्हणजे सारे मणी सारखे येतात. आमच्याकडे गणपतीस एकवीस मण्यांचे व महालक्ष्म्यांस सोळा मण्यांचे वस्त्र करण्याची रीत आहे. वस्त्र सावलीत पुरते वाळल्यावरच ओल्या कुंकवाचे बोट पिळाच्या जागी टेकवावे. घाई केली तर कुंकू मण्यावर पसरते आणि केलेले काम मातीमोल होते.

आता शोभेविषयी. मण्याच्या मधोमध हळदीचा ठिपका द्यावा, पिळावर जरीचा एकच वेढा घ्यावा, शेवटी कापसाचेच कमळ करून लावावे. पाच चपट्या पाकळ्या, मध्ये हळदीने रंगविलेला गोळा. हे मुलेही आवडीने करतात. एवढे पुष्कळ झाले. बाजारच्या वस्त्रांवर जी चमकी असते ती बहुधा प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याचा चुरा असते. ती निर्माल्याबरोबर पाण्यात वा मातीत जाते आणि तेथेच राहते. कापूस मात्र काही आठवड्यांत मातीस मिळतो. शिवाय 'कापूस' म्हणून मिळणारा सगळाच कापूस नसतो. एक तंतू चिमट्यात धरून पेटवून पाहावा. खरा कापूस जळताना कागदासारखा वास येतो व मऊ करडी राख उरते. कृत्रिम धागा वितळतो व त्याची टणक गोळी होते. निरांजनाच्या शेजारी अशी वस्तू ठेवणे धोक्याचेच.

शाळेत शिकविताना 'अलंकार' शब्दाची फोड मी मुलांना आवर्जून सांगत असे. 'अलम्' म्हणजे पुरे. पुरेसे करतो तो अलंकार. अमरसिंहाने आपल्या कोशात 'अलम्'चे चार अर्थ दिले आहेत : भूषण, पुरेपणा, सामर्थ्य आणि निषेध. ज्या शब्दाने शोभा सांगावी त्याच शब्दाने 'बस, आता नको' असेही सांगावे, यात आपल्या भाषेचे शहाणपण आहे, असे मी वर्गात मोठ्या अभिमानाने म्हणे. या चार अर्थांपैकी चौथ्याचा उपयोग आमच्याच घरात कसा होत होता, ते मात्र माझ्या ध्यानात आले नव्हते.

ही कला मला आमच्या मोठ्या आत्याबाईंनी शिकविली. 1946 साली, वयाच्या सतराव्या वर्षी त्यांना वैधव्य आले व त्या माहेरी परत आल्या. तिकडे पुण्यास 1896 साली धोंडो केशव कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रम काढला होता. 1909 साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन सुरू झाले होते. तेथे अशा भगिनी शिवणकाम, शुश्रूषा, अध्यापन शिकून स्वतःच्या पायांवर उभ्या राहत होत्या. आमचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता, आणि पुणे आत्याबाईंना काशीइतकेच दूर होते. त्यांच्या वाट्यास कापूस आला.

श्रावण लागला की गल्लीतील घराघरांतून त्यांच्याकडे कापसाच्या पुरचुंड्या येत. कोणाची फुलवात, कोणाची समईची लांब वात, कोणाची वस्त्रे. कोणी लक्षवातीचा संकल्प सोडी, तर त्या लाख वातीही आत्याबाईंकडेच. चातुर्मासाचे दिवस 120 धरले तरी रोजच्या 833 वाती होतात. हा हिशेब मी चौथीत असताना पाटीवर करून त्यांना दाखविला, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "बाळ, मोजू नये. मोजले की बोटे दुखतात." संकल्प दुसऱ्याचा, पुण्य दुसऱ्याचे, बोटे तेवढी त्यांची. पैसा त्यांनी कधी घेतला नाही, व कोणी देऊही केला नाही.

महालक्ष्म्यांच्या पूजनाच्या दिवशी गावातील कित्येक घरी आत्याबाईंच्या हातची वस्त्रे देवीच्या गळ्यात पडत. त्या सोवळ्यात राहत म्हणून त्यांचेच वस्त्र शुद्ध, असे बायका एकमेकींस सांगत. मात्र पूजेच्या वेळी आत्याबाई माजघराच्या दाराआड उभ्या असत. देवीच्या गळ्यात जे पडावयाचे ते करण्यास त्यांचे हात योग्य होते, ते घालण्यास नव्हते. ज्या गावाच्या नावातच काकणे भरणारा कासार आहे, त्या गावात ते हात एक्कावन्न वर्षे उघडे राहिले.

1988 साली, आमच्या लग्नानंतरच्या पहिल्याच महालक्ष्म्यांच्या वेळी माझी पत्नी मला स्वयंपाकघरात म्हणाली, "आत्याबाईंनी केले, तर घालूही त्यांनाच द्यावे. हे मला बरे वाटत नाही." मी शाळामास्तर, संस्कृत शिकलेला. मी तत्काळ उत्तर दिले की, शास्त्रात तसे नाही. पत्नी गप्प बसली. दाराआड आत्याबाई होत्या. त्यांनी ऐकले असावे. त्या रात्री त्यांनी मला नेहमीसारखेच आग्रहाने वाढले.

1997 साली आत्याबाई गेल्या. त्यांच्या पत्र्याच्या डब्यात पिंजलेला कापूस व सोळा मण्यांची तयार वस्त्रे निघाली, पुढच्या भाद्रपदाची. तेराव्यानंतर एके दुपारी मी घरातील पूजेची पोथी प्रथमच त्या दृष्टीने उघडून पाहिली. वस्त्र अर्पावे, एवढेच तीत होते. कोणाच्या हातचे, व कोणी घालावयाचे, यासंबंधी एक अक्षर नव्हते. नऊ वर्षांपूर्वी जे मी शास्त्र म्हणून सांगितले, ते मी वाचलेलेच नव्हते. लोक काय म्हणतील, या भीतीस मी संस्कृत नाव दिले होते, इतकेच.

मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे इत्यादी प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही त्याचे अनुकरण करावे असे परिपत्रक काढले. ठराव उत्तमच. परंतु ठराव चावडीवर होतो आणि वस्त्र माजघरात घातले जाते. मधले अंतर घरच्यांनीच चालावे लागते.

आमच्या घरी ते अंतर गेल्या वर्षी माझ्या सुनेने चालविले. माझ्या थोरल्या वहिनी तीन वर्षांपूर्वी एकट्या पडल्या. गेल्या भाद्रपदात सारी वस्त्रे त्यांनीच केली. पूजेच्या वेळी सून म्हणाली, "मामंजी, वस्त्रे मोठ्या आईंनी केली आहेत, घालतीलही त्याच."

वहिनी मागे सरल्या. "नको ग. भाऊजी, तुम्ही तरी सांगा तिला. सणाच्या दिवशी माझ्यावरून वाद नको."

मी म्हणालो, "वहिनी, पोथीत आडकाठी काही नाही. मी पाहिले आहे."

"केव्हा पाहिलेत?"

"आत्याबाई गेल्यावर."

यावर त्या काही बोलल्या नाहीत. हात धुऊन आल्या, तबक घेतले आणि दोन्ही महालक्ष्म्यांना वस्त्रे घातली. दुसऱ्या महालक्ष्मीस घालताना त्यांचा हात थरथरत होता. पत्नीने खालून तबक धरले. त्या संध्याकाळी शेजारच्या एक वडीलधाऱ्या बाई, वीस वर्षांत प्रथमच, आमच्याकडे हळदीकुंकवास आल्या नाहीत. यंदा येतील की नाही, सांगवत नाही. बोलावणे मात्र जाईल, आणि वहिनीच घेऊन जातील असे सुनेने ठरविले आहे.

आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर. बाजारचे वस्त्र कोणाच्या बोटांनी केले, ते आपणास ठाऊक नसते व विचारावेसेही वाटत नाही. घरचे वस्त्र कोणी केले ते डोळ्यांसमोर असते, आणि म्हणूनच तिला दाराआड ठेवणे पुढेपुढे कठीण होते. माझ्यासारख्या मंदास तेवढ्यासाठी बरीच वर्षे लागली. वाचक भगिनींस तितकी लागणार नाहीत. घरी करणे अगदीच अशक्य असेल, तर बचतगटाच्या वा ओळखीच्या बाईकडून घ्यावी. पण घासाघीस करू नये, आणि पूजेच्या दिवशी तिला पाटावर बोलवावे.

असो. हात बसावयास पंधरा दिवस लागतात, तरी नागपंचमीपासून आरंभ केल्यास महालक्ष्म्यांपर्यंत वस्त्रे सहज होतील. घरातील मुलग्यांनाही बसवावे. मी बसत होतो, व त्यामुळे माझे काही बिघडले नाही. तयार वस्त्रे पत्र्याच्या कोरड्या डब्यात, कागदाच्या थरांत, एकावर एक न दाबता ठेवावी. पुढील अंकी वातींचे प्रकार व त्रिपुरी पौर्णिमेच्या वातीची कृती देण्याचा विचार आहे.