पुस्तकी किंमत एक रुपया

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी माझा लॅपटॉप सेवानिवृत्त झाला. त्याने अर्ज केला नव्हता, तब्येतीची तक्रार नव्हती. त्याच्यातली ‘विंडोज १०’ ही प्रणाली मायक्रोसॉफ्टने २०१५ साली बाजारात आणली आणि दहा वर्षांनी तिची नेहमीची देखभाल बंद केली. ‘विंडोज ११’ घालावी म्हटले, तर हे यंत्र त्या पात्रतेचे नाही असे पडद्यावर अगदी नम्र भाषेत उत्तर आले. काही अटींवर वर्षभराची मुदतवाढ मिळते, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. पण मुदतवाढ म्हणजे काय असते, हे कर्जवसुलीत उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला कुणी सांगायला नको. संध्याकाळी पुण्याहून चिरंजीवांचा फोन आला. ‘‘बाबा, आता तरी तो डबा टाका. मी नवा पाठवतो.’’

हा डबा मी २०१३ साली बँकेच्या कर्मचारी योजनेतून घेतला. त्याच्यावर तीन कादंबऱ्या लिहिल्या. दोन छापल्या गेल्या, एक यथावकाश परत आली. यात यंत्राचा काही दोष नव्हता.

बँकेत टेबल, पंखे, कपाटे, तिजोरी यांची नोंद ज्या वहीत होई तिला ‘डेड स्टॉक रजिस्टर’ म्हणत. दरवर्षी घसारा लावायचा आणि वस्तूची किंमत उतरवत न्यायची. संगणकांसाठी रिझर्व्ह बँकेचा नियम वर्षाला ३३.३३ टक्क्यांचा. म्हणजे तीन वर्षांत खेळ खलास. पण वस्तू तर समोर दिसते आहे, वहीतून ती पुसायची कशी? म्हणून आम्ही तिची किंमत एक रुपया दाखवत असू. आमच्या एका शाखेत अशी एक रुपयाची खुर्ची होती. तिच्यावर बसून माझ्या आधीच्या चार व्यवस्थापकांनी कोट्यवधींची कर्जे मंजूर केली होती. वहीतली किंमत आणि वस्तूत उरलेला जीव यांचा संबंध फार थोडा असतो, हे मी त्या खुर्चीवर बसून शिकलो.

मोठ्या कंपन्यांचे हिशेब असेच चालतात. तीन-चार वर्षे झाली, भाडेकरार संपला, की शेकडो लॅपटॉप एकदम बाहेर पडतात आणि व्यापाऱ्यांच्या हातून दिल्लीच्या नेहरू प्लेसला, बंगळुरूच्या एस. पी. रोडला, आपल्या लॅमिंग्टन रोडला येतात. (त्या रस्त्याचे नाव बदलून डॉ. भडकमकर मार्ग झाले त्याला जमाना लोटला. पण संगणक घ्यायला भडकमकर मार्गावर गेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.) काळे, चौकोनी, कोपऱ्यावर जुन्या कंपनीच्या मालमत्ता-क्रमांकाची चिकटपट्टी. त्यातला सर्वांत मानाचा थिंकपॅड. आयबीएमने तो १९९२ साली काढला, रूप घेतले जपानी जेवणाच्या काळ्या डब्याचे. २००५ मध्ये तो धंदा लेनोव्होकडे गेला. कळफलकाच्या मधोमध असलेले लाल बोंडूक मात्र कायम राहिले. चिरंजीव डबा म्हणतात ते अगदीच चूक नाही.

हे सगळे मला आधी ठाऊक असते तर पुढचा प्रकार घडला नसता.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींच्या मुलीला २०२५ च्या उन्हाळ्यानंतर संगणक-अभियांत्रिकीच्या पदविकेला प्रवेश मिळाला. लॅपटॉप लागणार होता. नव्याची किंमत ऐकून मावशी गप्प झाल्या. मी उदारपणे म्हणालो, ‘‘माझा घेऊन जा. चालू आहे.’’ त्या गेल्यावर आमची ही म्हणाली, ‘‘अहो, आता जड झाला म्हणून तिच्या गळ्यात घालताय का? तुम्हाला शिकायचं असतं तर हाच घेतला असता?’’ प्रश्न बोचला, कारण उत्तर ‘नाही’ असे होते. बारा वर्षांचे ते यंत्र माझ्या लिखाणाला पुरते. पुढची तीन वर्षे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलीला ते कसे पुरणार?

मावशींना तसेही कुणाचे उतरलेले नकोच होते. त्यांच्याकडे भिशीचे चौदा हजार होते. ‘‘काका, यात बसेल असा बघून द्या. जुना असला तरी चालंल, पण तिच्या वर्गात लाज नको वाटायला.’’ मी तो शब्द पदरात घेतला आणि सप्टेंबरात डोंबिवलीहून ग्रँट रोड गाठले. एका दुकानात साडेतेरा हजारांना एक चकचकीत यंत्र पसंत केले. दुकानदाराने साध्या कागदावर बिल दिले. आयुष्यभर दुसऱ्यांची कागदपत्रे तपासली. स्वतःच्या खरेदीत मी कव्हराची चकाकी तपासली.

नऊ दिवस सुखाचे गेले. दहाव्या दिवशी मुलीने कुठूनसे फुकटचे सॉफ्टवेअर घातले, यंत्र अडखळू लागले, म्हणून तिच्या मामेभावाने ते मुळापासून पुसून पुन्हा सुरू केले. इंटरनेट जोडताच पडद्यावर एका परक्या कंपनीचे स्वागत आले आणि खाली चौकट: कंपनीचा ईमेल आणि पासवर्ड द्या. पुढे काहीच नाही. ते यंत्र कंपनीच्या दफ्तरातून कधी उतरवलेलेच नव्हते. दुकानदाराने इंटरनेट न जोडता विंडोज घालून ते विकले होते. सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ रकान्यात बोजा तसाच ठेवून जमीन विकावी, तसा हा व्यवहार. बोजा न पाहता एखाद्या शेतकऱ्याला मी कधी पाच हजारांचे कर्ज दिले नव्हते.

‘‘साहेब, पण तुम्ही रिसेट केलं कशाला?’’ असे दुकानदाराने उलट मलाच विचारले. बऱ्याच वादावादीनंतर पाच हजार परत दिले. उरलेले साडेआठ हजार मी भरले. मावशी ते घेईनात. शेवटी ‘हा माझा दंड आहे’ असे सांगितल्यावर घेतले. पैशांचे ठीक आहे. पण आठवडाभर त्या मुलीने मान वर करून माझ्याकडे पाहिले नाही, जणू चूक तिचीच होती.

सकाळी फिरून आल्यावर आम्ही काहीजण बागेतल्या कट्ट्यावर बसतो. ही हकिगत तिथे सांगितली, आणि इतकी वर्षे ज्यांच्याशी मी फक्त रक्तदाब आणि राजकारण बोललो होतो, ती माणसे एकदम निराळीच निघाली. वीज मंडळातून निवृत्त झालेल्या अभियंत्यांकडे तीन जुने लॅपटॉप होते, तिन्ही स्वतः उघडून सुधारलेले. गणिताच्या निवृत्त बाईंनी नातवासाठी एक घेतला होता, दुकानात तासभर ठाण मांडून. आणि छापखानेवाले गृहस्थ एक अतिशय जुने यंत्र जिवापाड जपून होते. कारण त्यांच्याकडची वीस वर्षांची मराठी पुस्तके युनिकोडपूर्व काळातल्या फाँटमध्ये बांधलेली आहेत, आणि तो फाँट चालवणारे सॉफ्टवेअर त्याच एका यंत्रावर, पाठीमागे खुंटी लावली तरच, उघडते. ते यंत्र गेले की फायलींतल्या मजकुराचा नुसता काला उरेल.

अभियंत्यांचा पहिला उपदेश असा की, घरगुती वापराचा स्वस्त लॅपटॉप जुना घेऊ नये. कचेऱ्यांसाठी बनवलेला घ्यावा. थिंकपॅड, डेलचा लॅटिट्यूड, एचपीचा एलिटबुक. ही यंत्रे उघडून दुरुस्त व्हावीत म्हणूनच बांधलेली असतात आणि कुठला स्क्रू कुठे, हे सांगणारी पुस्तिका कंपनीच उपलब्ध करून देते. नुसत्या ‘आय-फाइव्ह’ या चिकटपट्टीवर जाऊ नये, कारण आय-फाइव्ह दहा वर्षांपूर्वीही होता. पुढचा आकडा पाहावा. इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा विंडोज ११ ला चालतो. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी बसवावी. मंद यंत्राला याहून मोठा उतारा नाही. मेमरीचे मात्र आधीच पाहून घ्यावे. काही पातळ, देखण्या लॅपटॉपात ती मूळ पाटीवरच डाखलेली असते, पुढे वाढवता येत नाही. त्यातच एआयच्या कारखान्यांनी चिप्स ओढून घेतल्यामुळे २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव भडकले, त्यामुळे ‘नंतर वाढवू’ हा हिशेबही फसू लागला.

बाईंचा भर बॅटरीवर. जुन्या स्कूटरचे टायर घासलेले असणारच, तशी बॅटरी उतरलेली असणारच. किती उतरली एवढेच पाहायचे. विंडोजमध्ये एक आज्ञा लिहिली की बॅटरीचा दाखला निघतो. कारखान्यातून निघतानाची क्षमता आणि आज पूर्ण भरल्यावरची क्षमता, दोन आकडे शेजारी शेजारी. ‘‘भागाकार तर येतो ना तुम्हाला?’’ बाईंनी मला विचारले. टचपॅड वर उचललेला दिसला किंवा तळ फुगलेला वाटला तर बॅटरी फुगली आहे असे समजावे. असे यंत्र चालवू नये, दाबू नये, टोचू तर मुळीच नये. बिननावाची स्वस्त बॅटरी घालून पैसे वाचवू नयेत. दुकानात प्रत्येक कळ दाबावी, पांढरे पान उघडून पडद्यावर डाग शोधावेत, झाकण दहादा उघडून बिजागरी पाहावी, सुरू होताना आतल्या बायोसला पासवर्ड आहे का ते बघावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दुकानदारासमोर यंत्र मुळापासून पुसायला लावून, आपल्या फोनचे इंटरनेट जोडून पुन्हा सुरू करावे. बोजा असेल तर तो तिथेच बोलतो. दुकानदार ‘वेळ नाही’ म्हणाला, तर आपल्यालाही वेळ नाही.

या मंडळींचे सगळेच ऐकावे असे नाही. ज्याने जे घेतले त्याला ते जावयासारखे वाटते, दोष दिसत नाहीत. अभियंते लिनक्सचे वारकरी. त्यांच्या मते विंडोज ही गुलामी. छापखानेवाले त्यावर नुसते हसतात, कारण त्यांची खुंटी लिनक्सवर चालत नाही. आणि एका बाबतीत मी कट्ट्याशी रोज भांडतो. देखभाल संपलेल्या प्रणालीवर बँकेचे व्यवहार करू नयेत. ‘इतकी वर्षे काही झाले नाही’ हे वाक्य मी प्रत्येक फसवल्या गेलेल्या खातेदाराच्या तोंडून ऐकले आहे. विंडोज ११ मागते ती सुरक्षेची चिप अगदीच निमित्त नाही, हे मला मान्य आहे. मान्य नाही ते एवढेच की, दाराचे कुलूप जुने झाले म्हणून घर पाडायला सांगावे.

खरेदीच्या वेळी हे ज्ञान आपल्याला कोण देणार? कंपनीला नवे विकायचे असते, दुकानदाराला जुन्यातले वैगुण्य झाकायचे असते. उरतो तो ज्याने ते यंत्र वापरले, ज्याला त्याने दगा दिला किंवा साथ दिली, असा मालक. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीचे गुण छापावे लागू लागले, दहापैकी किती ते. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढले. चांगले झाले. पण माझी मागणी त्याहून साधी आहे. हजारो यंत्रे बाजारात सोडणाऱ्या कंपनीने ती आपल्या दफ्तरातून उतरवूनच सोडावीत आणि तसा चार ओळींचा कागद सोबत द्यावा. आम्ही कर्ज फिटल्यावर बोजा उतरवल्याचे पत्र देत होतो, कितीही लहान खातेदार असला तरी. कागद नसेल तर फटका कंपनीला बसत नाही, व्यापाऱ्यालाही नाही. तो भिशीच्या पैशांना बसतो.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा ग्रँट रोडला गेलो. या वेळी मुलगी बरोबर होती आणि बाईंची यादी तिने वहीत उतरवून घेतली होती. दोन दुकानांतून आम्ही उठून आलो. तिसऱ्यात २०१८ सालचा एक थिंकपॅड होता, सोळा जीबी मेमरी, कोपऱ्याला पोचा. तिने तो पुसायला लावला, फोन जोडला आणि पडद्याकडे पाहत उभी राहिली. वीस-पंचवीस मिनिटे आम्ही कुणीच बोललो नाही. परक्या कंपनीचे नाव आले नाही. सतरा हजारांना तो ठरला. वरचे तीन हजार मावशींनी दोन हप्त्यांत द्यायचे कबूल केले आणि दिलेही.

वर्गात लाज वाटते का, हे मी तिला विचारले नाही. मावशींकडून कळले की, कोपऱ्यावरची ती मालमत्ता-क्रमांकाची चिकटपट्टी तिने पहिल्याच दिवशी खोबरेल तेलाने घासून काढली.

माझ्या डब्यावर अभियंत्यांनी लिनक्स मिंट घातले आहे, मराठी कळफलक पूर्वीसारखाच चालतो, चौथी कादंबरी नवव्या प्रकरणात अडकली आहे. परवा मुलगी सहज आली होती. माझे यंत्र पाहून म्हणाली, ‘‘आजोबा, बॅटरीचा दाखला काढला का कधी?’’ आणि लिनक्सवरही तो कसा निघतो ते शोधून तिने स्वतःच काढला. मूळ क्षमतेच्या एकतीस टक्के. ‘‘ही बदलायला हवी. तुम्ही एकटे जाऊ नका, मी येते.’’

रविवारी दुकाने बंद असतात. शनिवारी तिचे कॉलेज अर्धा दिवस आहे.