तिसऱ्या दिवशीचा शेरा

खुब्याचे हाड मोडून रुग्णालयात दाखल झालेल्या वृद्धाच्या कागदपत्रांत शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवसांत एक लहानसा शेरा पडतो, आणि हाडात बसविलेल्या खिळ्याहूनही तो शेराच पुढे त्या माणसाच्या चालण्या-न चालण्याचा निकाल लावून टाकतो, असे मला अलीकडे वारंवार वाटू लागले आहे. 'रुग्ण सूचना पाळत नाही' हा तो शेरा. नातेवाइकांच्या तोंडी त्याचे 'डोके ठिकाणावर नाही' असे रूपांतर होते, भेटीस आलेले शेजारी 'साठी बुद्धी नाठी' म्हणून मोकळे होतात, आणि चालावयास शिकविणारी फिजिओथेरपिस्ट, आपला वेळ जिथे सार्थकी लागेल अशा दुसऱ्या खाटेकडे वळते.

ऐंशी उलटलेल्या माझ्या आत्याच्या बाबतीत नेमके हेच घडले. न्हाणीघराच्या उंबऱ्याशी ती घसरली, दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया यथास्थित पार पडली, आणि त्यानंतरच्या रात्री ती परिचारिकेला आपल्या दिवंगत बहिणीच्या नावाने हाक मारून गाय सोडली की नाही याची चौकशी करू लागली. सकाळी एका तरुण डॉक्टरांनी तिला शंभरातून सात-सात वजा करीत जाण्यास फर्माविले. "कशाला वजा करायचे?" असा प्रतिप्रश्न तिने केला, आणि तिचे गुण गेले. चष्मा त्या वेळी कपाटात होता व कानाचे यंत्र घरी. दुधाच्या रतिबाचा हिशेब चाळीस वर्षे भिंतीवरच्या कॅलेंडरात टिंबे काढून ठेवणारी आणि महिनाअखेर गवळ्याची चूक दाखवून देणारी ही बाई, त्या एका सकाळी गणितात नापास ठरली.

जुन्या पिढीत ज्याला 'वात झाला' म्हणत, तो हा तात्कालिक संभ्रम आणि स्मृतिभ्रंश या दोन भिन्न गोष्टी आहेत. स्मृतिभ्रंश वर्षावर्षाने पाऊल टाकतो. संभ्रम काही तासांत येतो, दिवसातून अनेकदा रंग पालटतो, आणि त्यामागे बहुधा वेदना, जंतुसंसर्ग, शरीरातील पाण्याची तूट, बद्धकोष्ठ, जागरण किंवा झोपेसाठी दिलेले औषधच असते. त्याचा एक प्रकार तर इतका निमूट असतो, की रुग्ण भिंतीकडे पाहत पडून राहतो आणि 'काही त्रास देत नाहीत हो' अशी त्याची वाखाणणी होते. हा संभ्रम काही अंशी टाळता येतो. बोस्टन येथे खुबा मोडलेल्या 126 वृद्धांवर झालेल्या आणि 2001 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, वार्धक्यतज्ज्ञाचा सल्ला प्रारंभापासून घेतलेल्या गटात संभ्रमाचे प्रमाण 32 टक्के, तर नेहमीच्या उपचारांच्या गटात 50 टक्के आढळले. ज्याची स्मृती मुळातच क्षीण झाली आहे त्याला हा संभ्रम अधिक सहजपणे ग्रासतो हे खरे. परंतु म्हणूनच, तिसऱ्या दिवशीच्या अवस्थेवरून कायमचा फैसला देण्याची मुभा कोणालाही असू नये.

मापाचाही प्रश्न आहेच. 1972 साली हॉडकिन्सन यांनी इंग्लंडात रूढ केलेल्या दहा प्रश्नांत पहिल्या महायुद्धाच्या आरंभाचे साल आणि राज्यकर्त्याचे नाव विचारलेले आहे. 1975 ची फोल्स्टीन यांची तीस गुणांची चाचणी लिहिणे-वाचणे गृहीत धरते. निरक्षर वृद्धांनाही लागू पडेल अशी हिंदी चाचणी पुढे हरियाणातील बल्लभगडच्या ग्रामीण भागात सिद्ध करावी लागली, ती याच कारणाने. शाळेचा उंबरठा न ओलांडलेल्या माणसाची बुद्धी शाळेच्या मापाने मोजली, तर मोजमाप बुद्धीचे न होता शाळेचेच होते.

तथापि समजा, स्मृतिभ्रंश खरोखरच आहे. मग व्यायाम व्यर्थ काय? फिनलंडमधील एका चाचणीचा अहवाल 2000 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. खुबा मोडलेल्या 243 वृद्धांपैकी मध्यम स्मृतिभ्रंश असलेल्यांना जिथे कसून पुनर्वसन मिळाले, तिथे त्यांच्या रुग्णालयातील मुक्कामाचा मध्यांक 47 दिवस भरला, इतरत्र 147. आणि तीन महिन्यांनंतर पहिल्या गटातले 63 टक्के स्वतंत्रपणे राहत होते, दुसऱ्यातले अवघे 17. हे उपगट लहान होते, आणि तीव्र स्मृतिभ्रंशात मुक्काम घटल्याचे दिसले नाही, हेही नमूद केले पाहिजे. परंतु ज्यांना आपण सर्वांआधी वगळतो त्यांच्यातच लाभ एवढा ठसठशीत दिसावा, ही गोष्ट आपल्या वहिवाटीला आव्हान देणारी आहे. 2023 च्या एका अभ्यासानुसार भारतात साठीपुढील सुमारे 88 लाख लोक स्मृतिभ्रंशासह जगत आहेत. त्यांचे खुबेही मोडणारच.

शिकविण्याची तऱ्हा मात्र बदलावी लागते. 'वॉकर पुढे, मग दुखरा पाय, मग चांगला' हे तीन कलमी फर्मान आत्याच्या ध्यानात दुसऱ्या कलमापर्यंतही टिकत नसे. एका वेळी एकच सूचना, रोज तीच व्यक्ती, तीच वेळ, डोळ्यांवर चष्मा आणि कानाला यंत्र, एवढी तजवीज झाली की निम्मे काम झाले. उरलेले अंगवळणी पडलेल्या सवयींवर सोपवावे, कारण शब्द विसरले तरी हातपाय बरेच काही विसरत नाहीत.

इथे आम्हा नातेवाइकांची एक खोड कबूल करतो. पाश्चात्त्य रुग्णालयांना जे मनुष्यबळ मोल देऊन उभे करावे लागते, ते आपल्याकडे खाटेशेजारी चटई टाकून आपणहून हजर असते. पण सेवेची आपली कल्पना अशी, की वृद्धाला उठूच द्यायचे नाही. पाण्याचा पेला ओठाशी, घास तोंडाशी, आणि "तुम्ही पडून राहा, आम्ही आहोत ना!" या मायेनेच मांड्यांतील उरलेली ताकद वितळून जाते.

तिसऱ्या आठवड्यात घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीने एका सकाळी एक युक्ती केली. आतेभावाला तिने आत्याच्या कमरेचा पट्टा धरून मागे उभे केले, आत्याला खाटेला टेकून उभे राहू दिले, आणि दोरीवरचे वाळलेले लुगडे आणून त्याचे एक टोक तिच्या हाती दिले. लुगड्याची घडी बसून घालता येत नाही. व्यायाम म्हणून मिनिटभर उभी न राहणारी आत्या ती घडी पुरी होईपर्यंत उभी राहिली, आणि मधेच कपाळाला आठी घालून म्हणाली, "काठाला काठ लाव गं. आणि तो पदर आधी झटक."

रुग्णालयाच्या कागदावर तो शेरा अद्याप तसाच आहे. आत्या सूचना पाळत नव्हती हे खरेच असेल. पण त्या सकाळी ती सूचना देत होती.

— वानप्रस्थी