रमी आणि गेम एकाच पोत्यात भरू नका

आधीच सांगून टाकतो, म्हणजे कमेंटमध्ये कुणाला शोध लावायचे कष्ट नकोत. मी गेम खेळतो. वय ४६, वीस वर्षं नांदेड-लातूरची बातमीदारी, आणि रात्री शेवटची बातमी पाठवून झाली की मी एका काल्पनिक राज्यात जाऊन झाडं तोडत बसतो. गेमचं नाव ओल्ड स्कूल रूनस्केप. राजे, जादूगार, ड्रॅगन असलेलं जग, आणि त्यात एकाच वेळी जगभरातली हजारो माणसं. घरच्यांना माहीत आहे. आता तुम्हालाही झालं.

हे सांगायची वेळ आली ती खासगी शिकवण्या आणि वसतिगृहांतून सध्या गेमिंगवर जी व्याख्यानं चालू आहेत त्यांच्यामुळं. लातुरातल्या अशाच एकाला बातमीसाठी गेलो होतो. नाव देत नाही, कारण हा एकट्याचा रोग नाही. वक्त्यांनी पडद्यावर यादी दाखवली. रमी, तीन पत्ती, क्रिकेटची टीम लावायचे ॲप, बंदुकीचे गेम, आणि शेवटी 'जादूटोण्याचे गेम'. सगळ्यांवर एकच लाल फुली. "हा सगळा जुगार आहे," म्हणाले. टाळ्या. आठवड्याच्या आत तिथल्या वसतिगृहात फोन जमा. आईवडिलांशी बोलायला रविवारी अर्धा तास.

जुगाराविरुद्ध बोला, माझा पाठिंबा आहे. अशी घरं मी आतून बघितलीत. कंधारकडं ट्रॅक्टरचा हप्ता रमीत गेलेला, अहमदपूरकडं बहिणीच्या लग्नाचे पैसे. बाप बोलत नाही, आई रडत नाही, पोरगं भिंतीकडं तोंड करून झोपलेलं. त्या पोराला कुणी 'गेमचा नाद' म्हणलं की माझं डोकं फिरतं. त्याला गेमचा नाद नव्हता हो. त्याला कुणीतरी पद्धतशीर लुटलेलं होतं, आणि ते लुटणं टीव्हीवर जाहिरात करून, मोठमोठे चेहरे दाखवून, भरदिवसा चाललं होतं.

आठवतंय ना जुलै २०२५? कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाईलवर रमी खेळताहेत असा व्हिडिओ फिरला. आपण खेळत नव्हतो, समोर आलेला गेम बंद करत होतो, असं ते म्हणाले. २० जुलैला आपल्या लातुरात सुनील तटकरेंच्या पत्रकार परिषदेत छावाच्या कार्यकर्त्यांनी टेबलावर पत्ते टाकले, त्यांना मारहाण झाली, राष्ट्रवादीच्या युवक प्रदेशाध्यक्षांना पद सोडावं लागलं. पुढं कोकाटेंचं कृषी खातं काढलं आणि क्रीडा खातं दिलं. (यावर मी काही बोलत नाही, तुम्हीच हसून घ्या.) आठ दिवस सगळ्या चॅनेलवर लातूर होतं. पण पत्ते टेबलावर पडल्यावर, पत्त्यांचा हा धंदा चालतो कसा, पैसा जातो कुठं, यावर बोललं कोण?

महिनाभरातच कायदा आला. २० ऑगस्टला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. ४५ कोटी लोक वर्षाला २० हजार कोटी रुपये घालवतात, हा सरकारनंच दिलेला अंदाज. आणि याच सरकारनं १ ऑक्टोबर २०२३ पासून याच धंद्यावर २८ टक्के जीएसटी घेतला. जवळजवळ दोन वर्षं कर खाल्ला, मग साक्षात्कार झाला. असो, झाला हे महत्त्वाचं.

मुद्दा हा, की त्या कायद्याला जे कळलं ते आपल्या व्याख्यात्यांना कळेना. कायद्यात तीन कप्पे आहेत. ई-स्पोर्ट्स वेगळा, करमणुकीचे सामाजिक गेम वेगळे, पैशाचे गेम वेगळे. ठरावीक वर्गणी भरून खेळायचा गेम चालतो. पैसे लावून पैसे जिंकायची आशा दाखवणारा चालत नाही. पैशाचा गेम खेळणाऱ्यालासुद्धा शिक्षा नाही, शिक्षा चालवणाऱ्याला आहे. दिल्लीला जो फरक करता आला तो लातूरच्या हॉलमध्ये होईना.

मग माझ्या त्या 'जादूटोण्याच्या' गेममध्ये असतं तरी काय?

पहिली कामगिरी सांगतो. तुम्हाला वाटेल राक्षस मारायचा असेल. नाही. लंब्रिज नावाच्या गावच्या गढीत एक आचारी घामाघूम होऊन उभा असतो. सरदाराचा वाढदिवस, केक करायचाय, सामान नाही. आपण जायचं, कोंबड्यांमागून अंडं उचलायचं, गायीचं दूध काढायचं, शेतातला गहू उपटून गिरणीवर दळून आणायचा आणि आचाऱ्याला द्यायचं. एवढंच. हे करताना मला आमच्या आजोळची आठवण आली, कसला आलाय जादूटोणा. चित्रं ठोकळ्यासारखी आहेत, माणसांचे चेहरे बटाट्यासारखे. मूळ गेम २००१ चा, इंग्लंडातल्या केंब्रिजच्या कंपनीचा. २०१८ पासून मोबाईलवर आला आणि साध्यातल्या साध्या फोनवर चालतो. मी तर एसटीत खेळतो. लोह्याच्या पुढं नेटवर्क गेलं की माझा माणूस झाडाजवळ कुऱ्हाड घेऊन उभा, आणि मी खिडकीला डोकं टेकून झोपलेला.

प्रत्येक कामाच्या ९९ पायऱ्या. लाकूडतोड, मासेमारी, लोहारकी, स्वयंपाक. ९९ वर जायला १,३०,३४,४३१ गुण लागतात. आणि ९२ वर पोचलात तेव्हा तुम्ही जेमतेम निम्म्यावर असता! शेवटच्या सात पायऱ्यांना आधीच्या ९२ इतकीच मेहनत. नीटला दुसऱ्यांदा बसलेल्या लेकराला हे समजावून सांगावं लागत नाही. कंटाळवाणं आहे का? आहे. मी महिनेच्या महिने एकाच नदीकाठी मासे धरलेत. पण त्यात कुणी मला सांगत नाही की अजून शंभर रुपये टाक, पुढचा डाव तुझाच.

बाजार बघायसारखा आहे. ग्रँड एक्सचेंज म्हणतात. कुठल्या मालाचा साधारण भाव काय चाललाय, ते सगळ्यांना उघड दिसतं. आपल्या सोयाबीनला २०२५-२६ मध्ये हमीभाव ५३२८ होता कागदावर, आणि आडतीवर गेल्यावर काय हातात येतं ते तुम्हाला माहीत. तर या बाजारात कायम दोन-चार ठग उभे असतात. "पैसे द्या, दुप्पट करून देतो." आधी हजार मोहरा घेऊन दोन हजार परत देतात. मग दोन लाख घेऊन पसार. आमच्या क्लॅनमधलं उदगीरचं एक पोरगं असंच लुटलं गेलं. क्लॅन म्हणजे आमचा चमू, वीसेक जण, निम्मे मराठवाड्याचे, एक मस्कतला, दोघं पुण्यात. त्या रात्री पोरगं चॅटवर जाम रडकुंडीला आलं. खोट्या मोहरा होत्या म्हणून रात्रीत विसरलं. पण सहा महिन्यांनी त्याच्या मामांकडं कुणी मल्टिस्टेटची दामदुप्पट योजना घेऊन आलं तेव्हा हेच पोरगं म्हणालं, "मामा, पहिल्यांदा देतेत, दुसऱ्यांदा पळतेत." मामांनी ऐकलं. किती व्याख्यानांनी हे काम झालं असतं?

आता उलटी बाजू. ती लपवली तर माझ्यात आणि त्या वक्त्यांत फरक काय राहिला?

या गेममध्येही जुगार घुसला होता, वेगवेगळ्या दारांनी. खेळाडू गेममधलं सोनं बाहेर खऱ्या पैशाला विकायला लागले. ते थांबवायला कंपनीनं २००७-०८ मध्ये मोकळा व्यवहार बंदच केला. चोराबरोबर संन्याशालाही फाशी. बाजार बसला, लोक चिडले. शेवटी मतदान घेऊन २०११ मध्ये व्यवहार पुन्हा खुला केला. व्हेनेझुएलात महागाईनं चलन मातीमोल झालं तेव्हा तिथली तरुण पोरं याच गेममध्ये ड्रॅगन मारून सोनं विकून घर चालवत होती, हे जगभर छापून आलंय. मग होता द्वंद्वाचा आखाडा. दोघांनी सोनं लावायचं, लढायचं, जिंकेल त्याचं सगळं. नुसता पत्त्यांचा अड्डा. २०२२ मध्ये तो कायमचा मोडला. आणि याच गेमचं जे नवं भावंड आहे, त्यात कंपनीनं स्वतःच २०१२ मध्ये नशिबाचं चाक आणलं. खरे पैसे भरा, चाक फिरवा, मिळेल ते तुमचं. पुढं त्याच्या जागी बंद पेट्या आल्या, धंदा तोच.

बारा-तेरा वर्षं खेळाडू त्याला शिव्या घालत होते. शेवटी नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीनं विचारलं, हे काढायचं का, एक लाख मतं आली तर काढतो. बघता बघता एक लाख मतं पडली. म्हणजे जुगार ओळखला कुणी? त्या गेमात रोज वावरणाऱ्यांनी.

मतदान तर या लोकांच्या अंगवळणी पडलंय. मी खेळतो तो गेम २०१३ मध्ये सुरू झाला तोच साडेचार लाखांच्या आसपास मतांवर. त्यात मोठी नवी गोष्ट आणायची तर आजही कौल घेतात. पूर्वी ७५ टक्के लागायचे, आता ७०. आपल्याकडं ग्रामसभा कोरमअभावी तहकूब होते आणि ठराव मात्र सर्वानुमते मंजूर झालेला असतो, तेव्हा या पोरांना लोकशाही शिकवताना जरा जपून.

म्हणून माझं भांडण दोन्हीकडं आहे. सगळ्याला जुगार म्हणणाऱ्यांशी आहे, आणि 'आमचा गेम आहे हो, जुगार कुठाय' म्हणत लेकरांना बंद पेट्या विकणाऱ्यांशीही आहे. गावोगावच्या फोनमध्ये जे बंदुकीचे गेम आहेत त्यांत क्रेट, लकी स्पिन, डायमंड असले प्रकार खुलेआम आहेत. पैसे भरायचे, पेटी उघडायची, आत काय निघेल ते नशीब. निघते बहुधा एखादी टोपी. आपल्या कायद्याचा सगळा रोख पैसे लावून पैसे जिंकण्यावर. पेटीतून पैसा निघत नाही, नुसता झगमगता कपडा निघतो, म्हणून ती राजरोस चालू. बेल्जियमनं २०१८ मध्येच सांगितलं की पैसे देऊन उघडायची असली पेटी म्हणजे जुगार. आपल्या खासदारांनी, नांदेडच्या काय नि लातूरच्या काय, हा प्रश्न कधी लावून धरला तर मी पहिल्या पानावर बातमी लावायला संपादकांशी भांडेन.

कुठला गेम कसला आहे हे ओळखायला माझी एकच कसोटी आहे. त्यात नशीब विकत मिळतं का? मिळत असेल तर तो धंदा, मग वर ड्रॅगनचं चित्र असो की इस्पिकच्या राणीचं. मिळत नसेल तर वेळेचं काय ते बोला. वेळेवर जरूर बोला, रात्री दोनपर्यंत खेळणाऱ्याचा फोन बाजूला ठेवा, मी स्वतः क्लॅनमध्ये पोरांना अकराला हाकलतो. पण त्याला जुगारी म्हणू नका.

लातूरच्या त्या वसतिगृहातलं एक लेकरू आमच्या क्लॅनमध्ये होतं. नीटचं दुसरं वर्ष. दिवसाचे बारा तास अभ्यास, आणि रात्री पाऊण तास आमच्याबरोबर मासेमारी. त्याला मी पत्रकार आहे हे कळल्यावर म्हणालं होतं, "सर, तुम्ही बी खेळायलात? मग मी वाया गेलो नाही म्हणायचं." निकालाची भीती, घरची आठवण, खोलीतल्याशी झालेलं भांडण, हे सगळं तो मासे धरता धरता बोलायचा. समोरासमोर बसून असं बोलणारं दुसरं कुणी त्याला तिथं नव्हतं. फोन जमा झाल्यापासून तो आलेला नाही. त्याच शिकवणीला मी फोन करून विचारलं, रमी खेळताना किती मुलं सापडली? उत्तर आलं, "एकही नाही, पण खबरदारी म्हणून."

आईबापांना एक काम सांगतो, पाच मिनिटांचं आहे. आज रात्री लेकराला शेजारी बसवून त्याच्या, आणि हो, स्वतःच्याही फोनवर प्ले स्टोअर उघडा. कोपऱ्यातल्या फोटोवर दाबा, पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्समध्ये जा, तिथं बजेट अँड हिस्ट्री आहे. कुठल्या गेमवर, कुठल्या तारखेला, किती रुपये गेले ते दिसेल. यूपीआयचा इतिहासही बघा. दहा-वीस-पन्नास रुपयांच्या बारीक रकमा ओळीनं दिसल्या तर ओरडायच्या आधी एवढंच विचारा, "यातून काय निघालं रे?" काय उत्तर मिळतं ते, नावगाव न घालता, खाली कमेंटमध्ये लिहा. पन्नास जणांनी लिहिलं तरी माझ्या हातात पन्नास कागद येतील, आणि ते घेऊन मी जिल्हाधिकाऱ्यांकडं जातो.