‘मूळ रंग’ म्हणजे नेमका कोणता? युद्धकालीन बीएसए एम२० च्या निमित्ताने

धागा 🧵

इतिहासाच्या साधनांत आपण दप्तरे, नाणी, शिलालेख, बखरी यांची गणना करतो. मोटारसायकलच्या टाकीवरील रंगाच्या पापुद्र्यांची करीत नाही. माझे मत असे की ती केली पाहिजे. जुन्या गाडीचा रंग न तपासता सँडब्लास्टिंगने उडवून देणे हे दप्तर न वाचताच जाळण्याच्या जातीचे कृत्य आहे. विषय केवळ छांदिष्टांचा वाटेल, परंतु थोडा धीर धरा.

उदाहरण दुसऱ्या महायुद्धातील. बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ येथील कारखान्यात बनलेली बीएसए एम२०: ४९६ सीसी, एकच सिलिंडर, साइड व्हॉल्व्ह, वेगाने मंद पण कमालीची चिवट. युद्धकाळात अशा सुमारे १,२६,००० गाड्या तयार झाल्या. नोव्हेंबर १९४० मध्ये याच कारखान्यावर जर्मन बॉम्ब पडले आणि ५३ कामगार मृत्युमुखी पडले. तरीही उत्पादन चालू राहिले. निरोप पोहोचवणारे लष्करी स्वार याच गाडीवर बसून फिरत.

आज कोणत्याही जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात अशी एम२० पाहा. बहुतेक वेळा ती गडद ऑलिव्ह हिरव्या रंगात असते. ‘लष्करी म्हणजे हिरवी’ ही समजूत आपल्या डोक्यात चित्रपटांनी पक्की बसवली आहे. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची, आणि म्हणूनच अधिक रंजक आहे.

युद्धाच्या आरंभीच्या वर्षांत ब्रिटिश लष्करी वाहनांचा प्रमुख रंग होता ‘खाकी ग्रीन नं. ३’. पुढे हिरव्या रंगासाठी लागणाऱ्या क्रोमियम ऑक्साइडची टंचाई झाली आणि १९४२ च्या सुमारास वाहने चक्क तपकिरी होऊ लागली. या तपकिरीचे अधिकृत नाव ‘एससीसी २’. एप्रिल १९४४ मध्ये तिसरा रंग आला: ‘एससीसी १५’, म्हणजे ऑलिव्ह ड्रॅब. त्यामागचे कारण व्यवहाराचे होते. अमेरिकेहून येणारी वाहने त्याच छटेची असत. ती पुन्हा रंगवण्याचे श्रम वाचावेत, हा हेतू. वाळवंटातील युद्धासाठी ‘लाइट स्टोन’ हा फिकट पिवळसर रंग निराळाच.

याचा अर्थ उघड आहे. १९४२ च्या अखेरीस कारखान्यातून निघालेली गाडी ऑलिव्ह हिरव्या रंगात उभी करून ‘अस्सल मूळ रूप’ अशी पाटी लावणे म्हणजे शिवकाळावरील नाटकात सरदाराला पेशवाई पगडी घालण्यासारखे आहे. गंमत अशी की नाटकातील पगडीवर आपण तुटून पडतो आणि गाडीसमोर मात्र कौतुकाने छायाचित्र काढून घेतो.

मग मूळ रंग शोधावा कसा? उन्हापावसाचा आणि पुढच्या रंगाऱ्यांच्या ब्रशचा हात जिथे पोहोचला नाही, तिथे पाहावे: टाकीची खालची बाजू, हेडलाइटच्या वाटीचा आतला भाग, हत्यारांच्या पेटीचे झाकण, नंबरप्लेटच्या मागची जागा, पुढच्या चिमट्याच्या सांध्यातील खाचा. तेथे नाण्याएवढ्या जागेवर अतिशय बारीक वॉटर पेपर पाण्यासह गोल फिरवावा. मध्यभागी धातू दिसेपर्यंत उतरती कड घासत गेल्यास झाडाच्या खोडातील वलयांसारखी रंगांची कडी उमटतात. सर्वांत आतले सर्वांत जुने. (जुन्या रंगांत शिसे असू शकते. कोरडे घासू नये, तोंडावर मास्क असावा.)

ही कडी वाचणे हेच खरे कौशल्य. आतील तांबूस थर पाहून ‘गाडी मूळची लाल होती’ असे जाहीर करण्याची घाई होते. तो बहुधा रेड ऑक्साइडचा प्रायमर असतो. भेद कसा करावा? दोन थरांच्या मध्ये मळ, तेलकटपणा वा झिजेच्या खुणा असतील, तर त्या दोहोंत काळ लोटला आहे. प्रायमर आणि त्यावरचा रंग यांच्यामध्ये मळ साचायला सवडच मिळालेली नसते. मध्ये लांबीचा थर आला, तर तेथे अपघात किंवा दुरुस्ती झाली असे समजावे. गाडीचे चरित्र इतक्या बारकाव्याने सांगणारा कागद क्वचितच सापडेल.

परंतु झाकलेला रंगही निर्मळ साक्षीदार नव्हे. उन्हात रंग उडतो हे सर्वांना ठाऊक आहे. तेलयुक्त रंग अंधारात पिवळा पडतो हे कमी जणांना ठाऊक असते. अजिंठ्याचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. १९२० च्या दशकाच्या आरंभी निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रांच्या रक्षणासाठी लाखेचा लेप दिला आणि पुढे तोच लेप पिवळा पडून मूळ छटा झाकोळल्या. तेव्हा सापडलेली छटा जशीच्या तशी रंगाच्या दुकानात जुळवायला नेऊ नये. ती स्वच्छ दिवसाच्या उजेडात, प्रमाणित रंगपट्टीशी ताडून पाहावी.

छायाचित्रांवर फार विसंबू नका. कृष्णधवल चित्रात मध्यम हिरवा आणि मध्यम तपकिरी एकाच राखाडी छटेत मिसळतात. त्याहून जुन्या, ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवरील चित्रांत तर लाल रंग जवळपास काळा दिसतो. विसाव्या शतकाच्या आरंभीची ‘काळी’ टाकी प्रत्यक्षात लालभडक असू शकते.

कागदपत्रांचा आधार जरूर घ्यावा. ‘डब्ल्यूएम२०’ ने सुरू होणारा चौकटीचा क्रमांक आणि कारखान्याच्या नोंदी यांवरून गाडी कोणत्या लष्करी कंत्राटातली, हे कळते, आणि त्यावरून रंगाचा अंदाज बांधता येतो. मात्र लष्करी कार्यशाळेत मोठी दुरुस्ती होताना चौकट एका गाडीची, टाकी दुसरीची, मडगार्ड तिसरीचे असेही होत असे. म्हणून प्रत्येक भाग स्वतंत्रपणे तपासावा. भारतात आलेल्या गाड्यांना ब्रिटनमधील रंगांचा तक्ता डोळे झाकून लावू नये, हेही ओघाने आलेच.

आता माझ्या आक्षेपाचा गाभा. ‘मूळ’ म्हणजे फक्त कारखान्याचा पहिला थर, असे कोणी ठरवले? युद्धानंतर या गाड्या लष्कराने विकून टाकल्या आणि सामान्य माणसांनी त्या काळ्या रंगवून रोजच्या वापराला घेतल्या. तो काळा थर टंचाईच्या काळातील कुटुंबांचा इतिहास आहे. तो उडवून खाली हिरवा ‘शोधणारा’ माणूस एका इतिहासासाठी दुसऱ्याचा बळी देतो, आणि बहुधा हिरवाही चुकीचाच निवडतो.

‘गंज चढतो आहे, रंगवू नये तर काय करावे?’ हा प्रश्न रास्त आहे. गाडी मालकाची आहे. चौकट कुजू देणे हे काही जतन नव्हे. रंगवा अवश्य. परंतु सर्व थर दिसणारी तळहाताएवढी एक जागा टाकीखाली तशीच राखून ठेवा आणि कोणत्या भागावर काय सापडले हे लिहून गाडीच्या कागदपत्रांत ठेवा.

आजोबांची जुनी गाडी गोठ्यात किंवा जिन्याखाली उभी असेल, तर पेंटरकडे नेण्यापूर्वी एवढे करा: हत्यारांच्या पेटीचे झाकण उघडून आतल्या बाजूचे छायाचित्र भर दुपारी सावलीत काढा, शेजारी एक पांढरा कागद ठेवून. ते येथे खाली जोडा. थर आपण मिळून वाचू.